गावात चित्रपट महोत्सव भरवायचाय? आधी पडदा बघा, मग पाहुणे

कोकणात कुठलाही कार्यक्रम ठरला की पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?" आमच्याही बैठकीत तोच आला. मालिकेत दिसणारा एक चेहरा ठरला. त्याचं मानधन, गाडी, राहणं, हार-तुरे सगळं झालं आणि उरलेल्या पैशांत प्रोजेक्टर आला. दुपारच्या सत्रात पडद्यावर काय चाललंय ते पहिल्या दोन रांगांनाच कळत होतं. ज्याची फिल्म लागली होती तो मुलगा हॉलच्या दारात उभा होता. रात्रीचा प्रसंग त्याने चार रात्री जागून चित्रित केला होता आणि पडद्यावर दिसत होतं नुसतं करडं धुकं.

म्हणून या लेखातली सगळी पायरीवार माहिती एकाच हिशोबावर उभी आहे. महोत्सव स्थानिक दिग्दर्शकांसाठी असेल, तर त्यांची फिल्म त्यांच्याच माणसांना नीट दिसली आणि नीट ऐकू आली पाहिजे. बाकीचं जमलं तर करायचं.

तारीख: पंचांग आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून

कोकणात कामाला रिकामे महिने कमीच. जून ते सप्टेंबर पाऊस, मध्ये गणपती, ऑक्टोबरात भातकापणी. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा आणि दशावतार सुरू. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, मग शिमगा, आणि मार्च ते मे आंबा. सगळं बाजूला काढल्यावर आमच्या हाती डिसेंबरचा पहिला पंधरवडा उरला. विसानंतर नाताळचे पर्यटक येतात, मालवण-तारकर्लीकडे खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर परवडत नाही.

त्या पंधरवड्यातही आजूबाजूच्या दहा गावांच्या जत्रांच्या तारखा विचारून घ्या. जत्रेच्या रात्री दशावतारासमोर तुमची लघुपटांची माळ टिकणार नाही, आणि टिकूही नये. मार्गशीर्षातला गुरुवारही टाळा. त्या दिवशी घरोघरी पूजा असते, बायका येऊ शकत नाहीत.

आता उलटं मोजत या. घोषणा मे महिन्यात करा, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात आणि फिल्म करणारी निम्मी मुलं मुंबई-पुण्यात नोकरी करून सुट्टीत चित्रीकरण करणारी असतात. मेमध्ये कळलं तर गणपतीच्या सुट्टीत ती चित्रीकरण उरकतात. प्रवेशिकांची शेवटची तारीख आम्ही आधी 'दसरा' ठेवली होती. अधिक महिना आला की दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सरकतो आणि पुढची सगळी गाडी घसरते. ३० सप्टेंबर ठेवा, कटकट मिटते.

रोजच्या वेळा ठरवताना वस्तीच्या एसटीकडे लक्ष द्या. शेवटची गाडी पावणेदहाची असेल तर सत्र साडेनऊला संपलंच पाहिजे. नाहीतर सव्वानऊपासून हॉलमध्ये पिशव्यांची कुजबुज सुरू होते आणि शेवटची फिल्म रिकाम्या खुर्च्यांना दाखवावी लागते.

कोणाच्या नावावर?

नवी संस्था काढायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. गावातलं वाचनालय, नाट्यमंडळ किंवा शिक्षणसंस्था शोधा, जिची नोंदणी आहे, बँक खातं आहे आणि दरवर्षी ऑडिट होतं. कोकणात या बाबतीत श्रीमंती आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तुमच्या तालुक्यातलं एवढं जुनं नसेल, पण असेल नक्की. वर्गणी त्यांच्या पावतीपुस्तकावर घ्या. कोणाच्या खासगी खात्यावर किंवा मोबाईल नंबरवर पैसे गोळा केलेत तर तिसऱ्या दिवशी गावात हिशोबाची चर्चा सुरू होते. ती फिल्मपेक्षा जास्त रंगते.

फिल्म सोसायट्यांच्या महासंघाशी संपर्क ठेवणंही फायद्याचं. 'फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया' १९५९ पासून आहे आणि सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते. छोट्या गावात नियमित खेळ कसे चालवायचे हे तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं.

'स्थानिक' म्हणजे कोण, हे आधी लिहून काढा

हे लिहिलं नाही तर पहिल्याच वर्षी ड्रोनने टिपलेल्या समुद्राच्या फिल्मांचा ढीग येतो. किनारा, माडाची बाग, कौलारू घर, वर बासरी. गोष्ट मात्र कुठलीच नाही. आम्ही तीन कसोट्या ठेवल्या: दिग्दर्शक मूळचा इथला, दिग्दर्शक राहतो इथे, किंवा गोष्ट इथली. तिन्हीपैकी दोन जुळल्या पाहिजेत. त्यामुळे डोंबिवलीत राहून गावच्या घराच्या वाटणीवर फिल्म करणारी मुलगी आत येते आणि परराज्यातून येऊन इथे गेली दहा वर्षं बोटीवर काम करणारा खलाशी स्वतःची गोष्ट सांगत असेल तर तोही येतो.

प्रवेश शुल्क घेऊ नका. पाचशे रुपये ही फार मोठी रक्कम नाही असं आपल्याला वाटतं, पण मोबाईलवर पहिली फिल्म करणारा पोरगा त्या एका ओळीपाशी अर्ज बंद करतो.

अर्ज गूगल फॉर्मवर चालतो. लांबी, बोली, उपशीर्षकं हे नेहमीचे प्रश्न घाला. पण तीन प्रश्न ठळक हवेत: पार्श्वसंगीत कोणाचं आणि त्याची परवानगी आहे का, फिल्ममध्ये दिसणाऱ्या खऱ्या माणसांची संमती घेतली का, आणि लहान मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आहे का. संगीताच्या प्रश्नावर निम्मे अर्ज अडखळतात. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं लावलेलं असतं. फिल्म नाकारू नका, महिनाभराची मुदत देऊन संगीत बदलायला सांगा. गावातला पेटीवाला किंवा पखवाजवाला एका दुपारी जे वाजवून देतो ते त्या उतरवलेल्या गाण्यापेक्षा बहुतेक वेळा बरं निघतं.

निवड

तिघांची समिती पुरे. एक बाहेरचा जाणकार, एक शिक्षक किंवा लेखक, आणि एक असा माणूस ज्याचा सिनेमाशी संबंध नाही पण प्रेक्षक ज्याला कळतो. आमच्याकडे हा तिसरा माणूस दशावतारात काम करणारा आहे. "हय लोका उठतली," असं तो म्हणाला की ती फिल्म सत्राच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवायची, हे आम्हाला आता कळतं. प्रत्येक फिल्म किमान दोघांनी शेवटपर्यंत पाहिलेली हवी. समितीतल्याची स्वतःची किंवा घरच्या माणसाची फिल्म स्पर्धेत नको.

किती फिल्म घ्यायच्या याचं गणित साधं आहे. दोन दिवस, रोज तीन सत्रं, सत्र दीड तासाचं. त्यात एक तास फिल्म आणि अर्धा तास बोलणं. म्हणजे एकूण सहा तासांची फिल्म. सरासरी पंधरा मिनिटांची धरली तर चोवीस. पहिल्या वर्षी अठरावर थांबा. चाळीस फिल्म दाखवल्या म्हणून कोणी पाठ थोपटत नाही, आणि बोलण्याचा अर्धा तास पहिला बळी जातो.

नाकारलेल्यांना दोन ओळी लिहाच. 'खेद आहे' एवढंच लिहू नका. "संवाद ऐकू येत नाहीत, सातव्या मिनिटानंतर गोष्ट थांबते," असं काहीतरी कामाचं लिहा. आम्ही नाकारलेल्यांपैकी एकजण पुढच्या वर्षी परत आला तो याच दोन ओळींमुळे.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळलात तर खेळाच्या सकाळी पोलीस ठाण्यात बसावं लागेल.

भारतात लोकांसमोर जाहीरपणे फिल्म दाखवायची तर तिला सेन्सॉरचं, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लघुपटही त्यातून सुटलेला नाही. नवख्या दिग्दर्शकाकडे ते नसतं. महोत्सवांसाठी वाट अशी आहे: १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. त्यासाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करायचा. सोबत फिल्मांची यादी, प्रत्येकीचा सारांश आणि तुमच्या पूर्वपरीक्षण समितीची नावं व शिफारस जोडायची. महोत्सव नफ्यासाठी नसावा आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावेत, या अटी असतात. नोंदणी विनामूल्य चालते. दारावर वही ठेवा, नाव लिहून गळ्यात कार्ड द्या. निवड झाली की त्याच आठवड्यात अर्ज पाठवा, दिवाळीच्या फराळात तो राहून जातो.

यातून एक गोष्ट निघते जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. देवळासमोर किंवा किनाऱ्यावर उघड्यावर पडदा लावला तर येणारा-जाणारा प्रत्येकजण प्रेक्षक होतो, तो नोंदणी केलेला प्रतिनिधी नसतो. म्हणून उघड्यावर फक्त प्रमाणपत्र असलेल्याच फिल्म दाखवा आणि प्रमाणपत्रावरचा वयोगट बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. शिवाय उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. नाट्यगृह घेतलंत तर जागेच्या परवानगीचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. शाळेचा हॉल असेल तर तहसील आणि पोलीस ठाणं या दोन्हीकडे महिनाभर आधी पत्र द्या आणि पोचपावती घ्या.

दिग्दर्शकाकडून 'या तारखेला, या ठिकाणी, एकदा दाखवायला परवानगी' असं लेखी घ्या. तेवढंच. 'सर्व हक्क महोत्सवाकडे' असलं काही अर्जात घुसडू नका. मुलं न वाचता सही करतात.

पडदा, अंधार, आवाज

आता मुख्य गोष्ट. पैशांच्या शंभर भागांतले चाळीस इथे घाला.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना 'फुल एचडी आहे ना' एवढं विचारून सोडू नका, ल्युमेन्स, म्हणजे यंत्र किती उजेड फेकतं ते विचारा. हिशोब असा: पडदा १६ फूट रुंद आणि ९ फूट उंच असेल तर क्षेत्रफळ १४४ चौरस फूट. चित्रपटगृहातला प्रमाण उजेड साधारण १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे पडद्याच्या दर चौरस फुटाला १६ ल्युमेन्स धरतात. १४४ गुणिले १६, म्हणजे सुमारे २,३०० ल्युमेन्स पडद्यावर प्रत्यक्ष पोचायला हवेत. भाड्याच्या यंत्राचा दिवा जुना झालेला असतो आणि रंग नीट दिसणाऱ्या सेटिंगवर उजेड आणखी कमी होतो. म्हणून खोक्यावर ५,००० लिहिलेलंच घ्या. लग्नाच्या हॉलमधला २,८०० वाला 'चालेल' असं कोणी म्हणालं तर त्याला रात्रीचा प्रसंग लावून दाखवायला सांगा.

पण अंधार नसेल तर ५,००० सुद्धा वाया. शाळेच्या हॉलला आमच्याकडे चौदा खिडक्या. पहिल्या वर्षी निळी ताडपत्री लावली. दुपारी ऊन चढलं आणि अख्खा हॉल समुद्राच्या तळाशी गेल्यासारखा निळा झाला, पडद्यावरच्या माणसांसकट. दुसऱ्या वर्षी उपाय कलिंगडाच्या मळ्यातून आला. वाफ्यांवर अंथरतात तो काळा-चंदेरी मल्चिंग पेपर दुहेरी करून, चंदेरी बाजू बाहेर ठेवून खिडक्यांना चिकटवला. उजेड थांबला आणि हॉल तापलाही कमी. मात्र हवा यायला मागची दोन दारं मोकळी ठेवून त्यावर जाड काळे पडदे टाकावे लागतात आणि बाहेर पडायची वाट अडू द्यायची नाही.

आवाजाचं दुखणं वेगळं. आपले साऊंडवाले भजन-आर्केस्ट्राला सरावलेले. बेस वाढवलेला आणि एको चालू. संवाद अशा सेटिंगवर कळत नाहीत. साऊंडवाल्याला आदल्या दिवशी बोलवा, चहा पाजा आणि समोर बसून एको बंद करून घ्या. मोठा एक स्पीकर घेण्यापेक्षा मध्यम आकाराचे दोन, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर ठेवा. पत्र्याचं छप्पर असेल तर मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा, घुमणं बरंच कमी होतं. चाचणीच्या वेळी शेवटच्या रांगेत एखाद्या आजोबांना बसवा. "आवाज येना नाय रे!" हे त्यांनी आदल्या दिवशी म्हटलेलं बरं.

वीज जाणारच असं धरून चला. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात प्रोजेक्टर बंद पडतो, आणि दिव्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाच-सात मिनिटं जातात, दिव्याचं आयुष्य कमी होतं ते वेगळं. म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर, म्हणजे वीज जाताच बॅटरीवर चालू राहणाऱ्या यंत्रावर ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी यूपीएस नव्हता. होडी हरवलेल्या बापाची गोष्ट ऐन भरात आली आणि लाईट गेली. काळोखात पुढच्या रांगेतल्या एका आजीने दिग्दर्शकाला हाक मारली, "रे बाबू, लाईट येईसर फुडे काय झाला ता तरी सांग!" त्याने सांगितलं, उभ्याने, पाच मिनिटं. मग लाईट आली आणि लोकांनी तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर पाहिली. छान झालं, पण दरवर्षी अशी आजी मिळेलच असं नाही.

फाईल आणि उपशीर्षकं

फिल्म व्हॉट्सॲपवर घेऊ नका, ती दाबली जाते आणि चित्र फुटतं. ड्राइव्हची लिंक किंवा पेनड्राइव्ह घ्या. सगळ्यांकडून एकच प्रकार मागा: एमपी-फोर, एच.२६४, १९२० गुणिले १०८०, आवाज ४८ किलोहर्ट्झ. हार्डडिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. दोन प्रती दोन वेगळ्या माणसांच्या घरी ठेवा. लॅपटॉपवर सूचना, स्लीप आणि अपडेट बंद. एका गंभीर फिल्मच्या मध्यावर पडद्यावर विजेच्या बिलाची आठवण आल्यावर आम्ही हे शिकलो.

पंधरा मीटरपेक्षा लांब साधी एचडीएमआय वायर ओढू नका, चित्र लुकलुकतं. ऑप्टिकल वायर भाड्याने मिळते.

मालवणी फिल्म रत्नागिरीकडच्या प्रेक्षकाला आणि संगमेश्वरी फिल्म वेंगुर्ल्याच्या प्रेक्षकाला बहुतेक कळते, तरी बाहेरच्या परीक्षकासाठी उपशीर्षकं लागतात. मराठी उपशीर्षकं युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल पडद्यावर नुसती खडी होऊन येते. आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मच्छीमारांवरच्या एका फिल्ममध्ये आजोबा म्हणतात, 'दर्या खवळला'. खाली आलं, 'दऱ्या खवळला'. हॉल हसला. आजोबांच्या तोंडचं ते शेवटचं वाक्य होतं.

खेळाच्या आदल्या रात्री प्रत्येक फिल्मची पहिली आणि शेवटची दोन मिनिटं लावून बघा आणि वहीत आवाजाचा आकडा लिहा. कोणाची फिल्म हळू बोलते, कोणाची ओरडते. ही वही प्रोजेक्टरवाल्याच्या हातात द्या.

दोन दिवस कसे चालवायचे

उद्घाटनाची भाषणं आम्ही बंद केली. गावातले जाणते गाऱ्हाणं घालतात: लाईट जाऊ नये, पोरांच्या कामाला यश यावं, बघणाऱ्याला झोप येऊ नये. सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. तीन मिनिटांत पहिली फिल्म सुरू.

बोलण्याच्या वेळी दिग्दर्शकाला व्यासपीठावर चढवू नका, पडद्यासमोर खुर्ची द्या. पहिला प्रश्न निवेदकाने विचारावा आणि तो छोटा असावा: "ही होडी कोणाची?" इतका साधा चालतो. 'आपण या कलाकृतीतून काय संदेश देऊ इच्छिता' असं विचारलंत की पोरगं गप्प आणि प्रेक्षक बाहेर. माईक बायकांच्या बाजूला आधी पाठवा. पुढारी माईक धरून उभे राहिले तर त्यांच्याकडून तो काढून घेणारा एक निर्ढावलेला कार्यकर्ता आधीच नेमून ठेवा.

चहा-नाश्ता बचतगटाला द्या. घावणे-चटणी, उसळ-पाव, सोलकढी. कुरकुरीत वेफर्सच्या पिशव्या हॉलमध्ये नकोत, त्यांचा आवाज संवादाच्या वर जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच कार्यशाळा ठेवा आणि ती ध्वनिमुद्रणाची ठेवा. आपल्या मुलांची चित्रं चांगली असतात, आवाज मार खातो. किनाऱ्यावर वारा माईकमध्ये घुसतो आणि संवाद संपतो. माईकवर केसाळ आवरण घालणं, माणसाच्या पाठीशी वारा घेणं, चित्रीकरण संपल्यावर त्याच जागी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करणं हे दोन तासांत शिकवून होतं.

दिग्दर्शकाच्या हातात काय पडलं?

स्मृतिचिन्हांचे पैसे वाचवा आणि प्रत्येक निवडलेल्या फिल्मला मानधन द्या, हजार रुपये का होईना. पाकिटावर 'प्रदर्शन मानधन' असं लिहा. अनेकांच्या आयुष्यात फिल्ममधून आलेले ते पहिले पैसे असतात. बाहेरगावच्या मुलांना गावातल्या घरांत उतरवा. हॉटेलवाल्यांकडे रोख देणगी मागण्यापेक्षा दोन खोल्या मागा, ते हसत देतात.

पुढची वाटही दाखवा. डीसीपी-ओ-मॅटिक हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून चित्रपटगृहात चालणारी प्रत कशी बनवायची ते एका संध्याकाळी शिकवता येतं. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 'मिफ' १९९० पासून आहे, पुण्याचा तसाच 'पिफ' आहे. गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 'इफ्फी' भरतो आणि त्याच्या जोडीने २००७ पासून फिल्म बाजार, जिथे अर्धवट राहिलेल्या फिल्मला निर्माता शोधता येतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मुलांना तर पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. एका गाडीत पाच जणांना भरून पाठवा, डिझेल महोत्सवाने द्यावं.

खेळ संपल्यावर आठवड्याच्या आत तीन कामं उरका. सगळ्यांच्या फाईली लॅपटॉपवरून पुसून तसं दिग्दर्शकांना कळवा. जमाखर्च वाचनालयाच्या फळ्यावर लावा. आणि खिडक्यांवरचा मल्चिंग पेपर फाडून न काढता सोडवून घ्या, प्रत्येक तुकड्यावर खिडकीचा नंबर लिहा आणि गुंडाळून माळ्यावर टाका. उंदीर लागतात, सोबत डांबरगोळ्या ठेवा.